कोळशाच्या पाच ओळी

अचलपूरच्या गुलाम नबीचा हात आधी चालायचा आणि विचार मागाहून यायचा. उर्दू शाळेत पाचवीत असताना मास्तरांनी छडी मारली, तर त्यानं तीच छडी हिसकावून मास्तरांच्या मांडीवर उमटवली. शाळा तिथंच संपली. पुढे सख्ख्या चुलत्याचा दात पाडला, परतवाड्याच्या एस.टी. स्टँडवर एका हमालाचं मनगट पिरगाळून मोडलं, आणि लग्नाच्या दिवशी बँडवाल्याशी मारामारी करून फाटक्या शेरवानीत निकाहाला बसला. सईदा पुढे वीस वर्षं त्याला ऐकवायची, की मी नवरा नाही, जखमी माणूस कबूल केला होता. त्याला कुणी गरीब गाय समजून वाचायला बसू नये, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

घरचा धंदा कापूस पिंजून गाद्या भरायचा. पिंजण चालवून चालवून त्याचे खांदे दाराच्या चौकटीत मावेनासे झाले होते. मग पिंजायची यंत्रं आली, मागून फोमच्या गाद्या आल्या, आणि तेवढे रुंद खांदे घेऊन करायचं काय हा प्रश्न पडला. शाळेनं दिलेली एकच गोष्ट त्याच्याजवळ टिकली होती, ती म्हणजे वाचन. रोज सकाळी चहाच्या टपरीवर तो उर्दू पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. मराठी बोलायचा अस्सल वऱ्हाडी, पण मराठी अक्षर त्याला गाडीच्या पाटीपलीकडे लागत नसे.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात पूर्णेच्या खोऱ्यात, टेकडखेड नावाच्या गावाबाहेर, बोअरचं मोठं मशीन आलं. वरच्या काळ्या दगडाखाली कोळसा आहे का, हे बघायचं होतं. गुलाम नबी मशीनवर मदतनीस म्हणून लागला. सहाव्या महिन्यात लोखंडी रॉड निसटला आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पानाच्या देठासारखी तुटून पडली. ऑपरेटर म्हणाला, "झोपला होता का बे?" गुलाम नबीनं त्याच रक्ताळलेल्या हातानं ऑपरेटरचं नाक फोडलं. दोघांना एकाच जीपमधून दवाखान्यात नेलं, आणि जीपमध्येही ते भांडत होते.

असल्या माणसाला कामावरून काढायचं सोडून वानखडे साहेबांनी ठेवून घेतलं. गोवर्धन वानखडे हे तिथले भूगर्भशास्त्रज्ञ, मूळचे धामणगाव रेल्वेचे, बावीस वर्षं भोकांमधून दगड काढून बघण्यात गेलेली. ते म्हणाले, "याले माणसांपासून दूर ठेवा, दगडांपाशी ठेवा." म्हणून गुलाम नबी शेडमध्ये आला. जमिनीतून नळीत अडकून जी दगडाची कांडी वर यायची, तिला सगळे कोर म्हणत. ती लाकडी पेटीत ओळीनं लावून ठेवायची. लावायचं काम देवीदास नावाचा जुना माणूस करायचा, गुलाम नबी पेट्या उचलायचा. आश्चर्य असं, की या शेडमध्ये त्याचं कुणाशी एकदाही वाजलं नाही. तुटलेल्या दोन तुकड्यांची तोंडं एकमेकांना अचूक लागली की त्याला फार बरं वाटायचं.

पुढच्या डिसेंबरात चारशे बारा मीटरवर कोळसा लागला, आणि नेमका त्याच दिवशी देवीदास तापानं फणफणलेला होता, साहेब नागपूरला बैठकीत होते. गुलाम नबीनं फोन लावला. साहेब पलीकडून कुजबुजत म्हणाले, "हे पाय नबी, एक तुकडा इकडचा तिकडं झाला तं बावीस वर्षं पान्यात जातील माही. वरचा कोळसा पहिले, खालचा मागून. पुस्तक वाचतो ना आपन, तसा लाव. ओळीमागून ओळ."

गुलाम नबीनं हात धुतले, बाकीच्यांना शेडबाहेर हाकललं आणि पाच मीटर कोळसा पाच ओळींत लावला. कोळसा ठिसूळ, हात लागला की कपच्या निघायच्या. त्यानं कपच्यासुद्धा जागच्या जागी ठेवल्या. दिवसभर पाणी प्यायला उठला नाही. पुस्तक वाचतो तसाच लावला, म्हणजे पहिला तुकडा उजव्या टोकाला, आणि तिथून डावीकडे. जन्मभर वाचलेलं प्रत्येक पान त्यानं असंच वाचलं होतं. यात विचारण्यासारखं काही आहे, हे त्याच्या मनातही आलं नाही. खोलीचे आकडे लिहायचे लाकडी ठोकळे संपलेले होते, त्यामुळे पेटीवर नुसतं किती मीटरपासून किती मीटरपर्यंत ते खडूनं टाकलं. साहेब परत आले, पेटी बघितली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वा रे पठ्ठ्या." आयुष्यात त्याच्या पाठीवर आजवर जो हात पडला तो मारायलाच पडला होता. संध्याकाळी घरी येऊन त्यानं सईदाला सांगितलं, "आज साब ने शाबासी दी." तिला आधी वाटलं पगार वाढला.

साहेबांनी प्रत्येक ओळीतून चार ठिकाणचा चिमूट-चिमूट कोळसा घेतला, डावीकडून उजवीकडे क्रमांक टाकले आणि वीस पुड्या प्रयोगशाळेत पाठवल्या. कशासाठी, ते त्यांनी गुलाम नबीला चहा पिता पिता समजावलं होतं. दुर्मिळ मृदा नावाची पंधराएक मूलद्रव्यं असतात, ती कायम बरोबर हिंडतात. कोळशातही सापडतात, अगदी कणभर. त्यातलं सिरियम समुद्राच्या पाण्यात टिकत नाही, तळाशी जाऊन बसतं. म्हणून कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्या दलदलीचा कोळसा झाला तिच्यात जर समुद्र शिरला असेल, तर या पंगतीत सिरियमचं पान अर्धं रिकामं दिसतं. नदीच्या गोड्या पाण्यातली दलदल असेल तर पंगत भरलेली असते. "कोळसा सांगते नबी, कोणत्या पान्यात जलमला ते," साहेब म्हणाले. गुलाम नबीला हे फार आवडलं.

एप्रिलात निकाल आला. वरून खाली जाताना सिरियम घसरत होतं, मग एकदम चढत होतं, पुन्हा घसरत होतं, असं पाच वेळा. समुद्र पाच वेळा पुढे आला आणि पाच वेळा मागे हटला, असा त्याचा अर्थ. असलं काही या भागात कुणी कधी दाखवलं नव्हतं. साहेबांचे पाय जमिनीला लागेनात. अहवाल वर गेला, परिषदेला निबंध गेला, आणि परतवाड्याच्या एका बातमीदाराला साहेबांनी हौसेनं दोन तास बसवून घेतलं. बातमी आली, 'टेकडखेडच्या पोटात पाच समुद्र'.

आता टेकडखेडात त्या उन्हाळ्यात काय चाललं होतं, ते त्या बातमीदाराला ठाऊक होतं आणि साहेबांना नव्हतं. चार वर्षं पाऊस हुलकावण्या देत होता. कापसात गावाची कंबर मोडली होती, म्हणून ज्याला जमलं तो संत्र्यात गेला होता. किसनराव भुयारांची तीनशे झाडं होती, पोरासारखी वाढवलेली. मार्चात त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, एप्रिलात खारट, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात बगीचा उभ्या उभ्या करपला. बायको कौशल्या रोज अर्धा कोस चालून प्यायचं पाणी आणायची, तेही थोडं खारटच. किसनराव रिकाम्या बगीच्यात कुऱ्हाड घेऊन फिरायचे आणि वाळलेल्या झाडाला उगाच घाव घालायचे. कुणावर घालावा हे त्यांना कळत नव्हतं. बातमी वाचून कळलं, बोअरवाल्यांनी पोटातला समुद्र फोडला होता.

मे महिन्याची दुपार होती, साडेतीनचा सुमार. सत्तर-ऐंशी माणसं आली. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही, हातात कुऱ्हाडीचे दांडे, लोखंडी सब्बल, सायकलच्या चेना. पहिला दगड पत्र्यावर पडला तेव्हा ऑपरेटर बनियनवर जेवत बसला होता. त्याला ताटावरून पाय धरून ओढत नेलं आणि त्याच्या गुडघ्यावर सब्बल घातली. तो आवाज शेडमध्ये ऐकू आला. डिझेलचे ड्रम आडवे झाले, कुणीतरी काडी टाकली, आणि मशीन खालून वरपर्यंत पेटलं. साहेब जीपमध्ये शिरून काचा चढवत होते. त्या काचा एकेक करून फुटल्या, आणि साहेब सीटखाली डोकं घालून बसले.

"समुद्राची पेटी कोठी हाये?" किसनराव विचारत होते. "पयले ते काढा."

गुलाम नबी शेडच्या दारात पाइप पाना घेऊन उभा राहिला. पळायला मागची बाजू मोकळी होती, ती त्यानं बघितलीसुद्धा नाही. आयुष्यात त्यानं शंभर जणांना मारलं असेल, पण कशाच्या तरी रक्षणासाठी तो पहिल्यांदाच उभा होता. पहिला आला त्याच्या हातातला दांडा पान्याच्या एका फटक्यात उडाला. दुसऱ्याचा खांदा निखळला. तिसरे किसनराव. त्यांची कुऱ्हाड वर गेली आणि गुलाम नबीनं पाना आडवा फिरवला, सगळ्या पिंजणाची ताकद लावून. किसनरावांचा उजवा हात कोपराखाली मोडला आणि हाड कातडीतून बाहेर आलं. ते आपल्याच हाताकडे बघत राहिले.

मग माणसं एकदम अंगावर आली. चेन भुवईवर बसली, डोळ्यात रक्त उतरलं, मागून कुणीतरी कंबरेत लाथ घातली. तो पडला तेव्हा पेटीवर पडला, दोन्ही हातांनी तिला धरून. त्याच्या बरगड्या मोडल्या त्या पेटीवरच. शेवटी त्याला केसांना धरून बाजूला केलं, पेटी अंगणात फेकली आणि पाच मीटर कोळसा साठ पायांनी तुडवला. कुणी त्यावर थुंकलं. गुलाम नबी एका डोळ्यानं बघत होता, आणि तोंडातले तीन दात बोटानं चाचपत होता.

पोलीस आले. अकरा जणांना उचललं. त्यांना ठाण्यात काय मिळालं ते सांगायची गरज नाही, दोघांना बाहेर येताना धड चालता येत नव्हतं. किसनरावांना मोडक्या हातानिशी आठ दिवस आत ठेवलं, हाड वाकडंच जुळलं.

दवाखान्यातून सुटल्यावर गुलाम नबी घरी न थांबता टेकडखेडच्या शेडमध्ये आला. सईदा बरोबर आली, कारण त्याला खाली वाकता येत नव्हतं. तिनं मातीतून कोळशाचा तुकडा न् तुकडा वेचला, फडक्यानं पुसला आणि त्याच्यापुढे ठेवला. तो तोंडाला तोंड जुळवून बघायचा. त्याला प्रत्येक तुकडा आठवत होता. ज्याचा चुरा झाला तो झाला, पण बराचसा कोळसा चार दिवसांत चादरीवर पुन्हा उभा राहिला. "इतना तो तुमने कभी मेरी तरफ भी नहीं देखा," सईदा म्हणाली. तो हसला आणि बरगड्या धरून बसला.

पाचव्या दिवशी साहेब आले. दारात उभं राहून कौतुकानं बघत होते. गुलाम नबी शेवटची ओळ लावत होता. पहिला तुकडा त्यानं उजवीकडे ठेवला, त्याला लागून डावीकडे दुसरा.

"तिकडून काहून लावून राहिला?" साहेबांनी विचारलं.

"पुस्तक वाचतो तसंच, साहेब. तुमीच सांगतलं होतं फोनवर."

साहेब खाली बसले. पहिल्या ओळीचा डावीकडचा शेवटचा तुकडा उचलला, दुसऱ्या ओळीचा उजवीकडचा पहिला उचलला, आणि दोघांची तोंडं जुळवली. खटकन बसली. मग दुसरी-तिसरी ओळ. तीही बसली. डिसेंबरात हे एकदा करून बघितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. वीस आकडे त्यांना पाठ होते, ते त्यांनी मनातल्या मनात प्रत्येक ओळीत उलटे लावले. पाच चढ-उतार नाहीसे झाले. तळाला भरलेली पंगत, आणि तिथून वर वर सिरियम सावकाश, एकसारखं कमी होत गेलेलं.

"किती समुद्र, साहेब?" गुलाम नबीला सगळं समजलं नव्हतं, पण साहेबांचा चेहरा समजला होता.

"एकच. सावकाश आला. एकदाच."

मग साहेब उठले. "हे पाय. हा कोळसा दंगलीत फुटला. कोनालेच पुन्हा लावता आला नाई. निबंध गेला हाये, माही बढती त्याच्यावर हाये. तू बोलला तं लोक म्हनतील, नबीच्या हातानं पाच समुद्र झाले, नबीमुळंच गाव पेटलं. तुले जिता ठेवतील का?"

"अकरा मानसं आत गेली, साहेब. त्या मानसाचा हात म्या तोडला. पाच समुद्रापायी."

"म्हनून सांगतो, चुलीत घाल."

"नाई घालत."

साहेबांनी बूट उचलला आणि पहिल्या ओळीत घातला. तुकडे उडाले. दुसऱ्यांदा पाय उचलला तो खाली आला नाही. गुलाम नबीचा हात सुटला होता. तीन बोटांची मूठ साहेबांच्या तोंडावर बसली, चष्मा फुटून गालात रुतला, आणि पाठीवर हात ठेवणारा तो जगातला एकमेव माणूस मातीत आडवा झाला. साहेब हातानं तोंड झाकून म्हणाले, "मले मारलं? नबी, मले?" गुलाम नबी धाय मोकलून रडला. रडता रडता त्यानं त्यांना उठवून बसवलं आणि सईदाच्या ओढणीनं त्यांचं रक्त पुसलं. साहेबांनी तो हात झटकला. "घेऊन जा तो कोळसा. माह्या डोळ्यांपुढून घेऊन जा. अन् तू बी दिसू नको." पुढे अहवाल दुरुस्त झाला की नाही, हे गुलाम नबीला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोतं पाठीवर टाकून किसनरावांच्या दारात गेला. सईदानं पाय धरले होते, जाऊ नका म्हणून. मोडक्या बरगड्यांवर ते ओझं घेऊन तो दीड कोस चालत आला होता. किसनराव ओसरीवर बसलेले, उजवा हात गळ्यात. त्यांनी त्याला ओळखलं. उठले नाहीत. कौशल्याबाईंनीही ओळखलं, पण माणूस उन्हातून दारात आला होता. त्यांनी तांब्या आणून ठेवला. गुलाम नबीनं पाणी तोंडाला लावलं. खारट होतं. त्यानं सगळं पिऊन घेतलं.

मग अंगणात चादर अंथरून त्यानं कोळसा लावला, या खेपेला डावीकडून उजवीकडे, जसा साहेबांना हवा होता तसा. बोटांची टोकं काळी झाली. एकेक जोड दाखवत त्यानं सगळं सांगितलं, फोन, उर्दू शाळा, पाच ओळी, सिरियमचं पान. "पाच समुद्र नाई, भाऊ. एकच होता, अन् तो बी जाऊन किती जमाना झाला याची गिनती नाई. आमच्या बोअरनं खारं पानी नाई आनलं. चुकी माही हाये. माह्या हाताची."

किसनरावांनी डाव्या हातानं सगळ्यात वरचा तुकडा उचलला. उन्हात फिरवून बघितला. मग जिभेला लावला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"अळनी हाये," ते म्हणाले.

"हो, भाऊ."

"मंग माह्या इहिरीत मीठ कोनं टाकलं?"

गुलाम नबीला माहीत नव्हतं. साहेबांनाही नक्की माहीत नसावं. पाणी आटत खोल गेलं की या पट्ट्यात कितीतरी विहिरी खाऱ्या होतात, एवढं तो ऐकून होता, पण तीनशे झाडांपुढे ते सांगायला त्याची जीभ उचलेना.

किसनरावांनी तुकडा फेकला आणि उठून डाव्या हातानं त्याच्या तोंडात मारली. भुवईचे टाके उसवले. गुलाम नबीनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हातानं दुसरं मनगट घट्ट धरलं, कारण त्याला स्वतःच्या हातांचा भरवसा नव्हता. किसनरावांनी पुन्हा मारली, आणखी एकदा मारली, आणि दम लागून कोळशाच्या ओळींवरच बसले. कौशल्याबाई मध्ये येऊन म्हणाल्या, "सोडा त्याले. सांगाले आला बिचारा."

"काहून आला सांगाले?" किसनरावांचा आवाज फाटला होता. "पाच समुद्र होते तं मले ठाव होतं कोनाले माराचं ते. आता मी कोनाले मारू, सांग."

गुलाम नबीच्या भुवईतून रक्त उतरून हनुवटीवर आलं होतं. त्यानं ते पुसलं नाही, हातही सोडले नाहीत.

"मी हाये ना, भाऊ," तो म्हणाला.

किसनरावांनी उठून पुन्हा मारलं.